खुलासा : समईवरचा सोनेरी थर सोन्याचा नाही

‘वीज सोडून चढवलेला सोनेरी थर म्हणजे सोन्याचाच मुलामा, समई चिंच-मिठाने घासा, आणखी उजळेल’ असा मेसेज पुण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरतोय. तो चुकीचा आहे. मी भोसरीत कोटिंगच्याच कामात आहे, म्हणून लिहितो.

हा लॅकर असतो, म्हणजे राळ, धातू नव्हे. ॲक्रिलिक किंवा पॉलियुरेथेनचे विद्युतभारित कण पाण्यात असतात. वस्तू त्यात बुडवून डीसी म्हणजे एकाच दिशेने वाहणारा वीजप्रवाह दिला की ते तिच्यावर बसतात. जिथे थर बसला तिथे वीज अडते, मग कण उघड्या खाचांकडे वळतात. म्हणून नक्षीच्या खोलगट भागातही तो सारखा चढतो. नंतर धुऊन साधारण १५० अंशांना भट्टीत पक्का करतात. सोनेरी छटा रंगाची. चाकणला गाड्यांच्या सांगाड्यांना गंजरोधक प्रायमर याच तत्त्वावर देतात.

मल्टिमीटरची (वीज जाते का ते तपासायच्या यंत्राची) टोकं हलकेच टेकवून पाहा : अखंड लॅकरमधून वीज जात नाही, सोन्यातून जाते. (खऱ्या मुलाम्यावरही कधी लॅकर देतात, पण तेव्हा सोनं त्याच्या खाली असतं.)

घासणीने थर ओरखडतो आणि तिथूनच पितळ काळं पडतं. मऊ ओलं फडकं पुरे. कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका; पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.