‘नवी गाडी, चार दिवसांत बंद’ या एक स्टारच्या रिव्ह्यूला दुकानाकडून उत्तर

नमस्कार.

तुमचा रिव्ह्यू वाचला. स्टार किती द्यायचे हा तुमचा हक्क, त्याबद्दल तक्रार नाही. पण तो वाचून कोणी नायट्रो गाडीला (म्हणजे मिथेनॉल-नायट्रोच्या इंधनावर चालणाऱ्या रिमोट कंट्रोलच्या गाडीला) घाबरेल, किंवा घेतल्यावर तुमच्यासारखाच स्क्रूड्रायव्हर घेऊन बसेल, म्हणून उत्तर इथेच आणि जरा सविस्तर देतोय.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: दिवाळीत मुलासाठी १/१० स्केलचा नायट्रो मॉन्स्टर ट्रक घेतला. चौथ्या दिवसापासून तो सुरू व्हायचा, पण रेस दिली की बंद पडायचा. मग सुरू करायची दोरीही ओढली जाईना, म्हणजे इंजिन ‘सीझ’ झालं. दुकानात आणला तर बदलून दिला नाही, ‘ट्यूनिंग करावं लागेल’ म्हणाले, ‘काय काय फिरवलंत?’ अशी उलटतपासणी केली आणि वर स्वतःचं महागडं इंधन गळ्यात मारायला बघितलं. नव्या गाडीला ट्यूनिंग लागतंच कशाला?

हा शेवटचा प्रश्न रास्त आहे, म्हणून आधी तोच घेतो.

हे इंजिन ०.१८ क्यूबिक इंचाचं, म्हणजे जेमतेम ३ सीसीचं, आणि फुल रेसला मिनिटाला तीस हजारांच्या घरात फिरणारं. त्यात स्पार्क प्लग नाही, कॉम्प्युटर नाही, सेन्सर नाही. ग्लो प्लगमधल्या प्लॅटिनमच्या तारेला सुरुवातीला इग्नायटरने दीड व्होल्ट द्यायचे. एकदा इंजिन धरलं की मिथेनॉलची प्लॅटिनमशी होणारी क्रिया आणि आधीच्या स्फोटाची उष्णता यांवर ती तार आपली आपण तापलेली राहते. हवेला इंधन किती, हे मोठ्या गाडीत ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर ठरवतो. इथे कार्बोरेटरच्या दोन निडल (इंधनाची वाट कमी-जास्त करणारे स्क्रू) ठरवतात आणि त्या फिरवणारा माणूस. कारखाना त्या मुद्दाम रिच (हवेच्या मानाने इंधन जास्त) ठेवून पाठवतो, म्हणजे नव्या इंजिनाला भरपूर तेल मिळावं. पहिल्या काही टाक्या तशाच रिच काढायच्या आणि मग निडल थोडी थोडी आत घ्यायची. बॉक्ससोबत दिलेल्या मराठी पत्रकात हे पहिल्याच पानावर आहे. पत्रक कोणी वाचत नाही हेही मला माहीत आहे.

आकुर्डीची चेतक ज्यांच्या घरी होती त्यांना पेट्रोलमध्ये ऑइल टाकून घेणं आठवत असेल. इथेही तसंच आहे. इंजिनाला वेगळं ऑइल नाही, जे काय आहे ते इंधनातच मिसळलेलं. त्यामुळे मिश्रण लीन (इंधन कमी) केलं की एकीकडे तापमान चढतं आणि नेमकं त्याच वेळी वंगण घटतं. रिच गाडी धूर ओकेल, गुदमरेल, प्लग ओला करेल, पण इंजिन शाबूत राहील. लीन गाडी आधी झकास पळते, आवाज चढा लागतो, बघणारे खूश होतात, आणि मग पिस्टन आणि स्लीव्हचा (पिस्टन ज्यात वरखाली होतो ती नळी) खर्च येतो.

आता तुमच्या गाडीबद्दल. रेस दिल्यावर बंद पडण्याच्या दोन तऱ्हा आहेत आणि त्यांची कारणं एकमेकांच्या अगदी उलट. गाडी गुरगुरली, सायलेन्सरमधून धुराचा लोट आला आणि मग विझली, तर खालचं, म्हणजे कमी वेगातलं मिश्रण रिच आहे. आयडलवर (रेस न देता) उभी असताना आत इंधन साचलंय. धूर न येता खटकन बंद पडली, तर लीन. तुमची पहिल्या तऱ्हेची होती, हे दुकानात स्टँडवर लावून तुमच्यासमोरच दाखवलं. लो-स्पीड निडल कारखान्याच्या जागेपासून जवळजवळ एक फेरा बाहेर, आणि हाय-स्पीड निडल मात्र बरीच आत. म्हणजे गाडी खाली गुदमरत होती आणि आवळली गेली वरची निडल. फरक पडेना, म्हणून खालचीही फिरवली, तीही उलट्या दिशेला. मग गाडी उभी राहीना म्हणून आयडलचा स्क्रू वाढवला, तेव्हा क्लच उभ्या उभ्याच पकडायला लागला. हळूहळू रेस देत गाडी मोकळी करून मागच्या बोळात एक चक्कर मारली, तर इंजिनाच्या हेडचं (वरच्या झाकणाचं) तापमान १४० अंशांच्या पुढे. ते साधारण १०५ ते १२० च्या दरम्यान हवं.

‘काय काय फिरवलंत?’ हे विचारलं ते यासाठी. कुठली निडल कुठून कुठे गेली ते कळलं तर परतीचा रस्ता लवकर सापडतो. यात तुम्हाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करायचा हेतू नव्हता. तीन स्क्रू एकाच संध्याकाळी हलवले की कशामुळे काय झालं हे कोणालाच सांगता येत नाही, मलाही नाही.

पुढच्या वेळेसाठी क्रम सांगून ठेवतो. आधी निडलला हातच लावू नका. इग्नायटर चार्ज आहे का, प्लगची तार नारिंगी तापते का, टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतची नळी आणि सायलेन्सरपासून टाकीकडे जाणारी प्रेशरची नळी कुठे चिरली किंवा निसटली आहे का, फिल्टरचा स्पंज तेल लावलेला आहे का, एवढं बघा. (तुमचा कोरडा ठणठणीत होता. नदीपात्रातली धूळ सरळ स्लीव्हमध्ये जाते.) मग इंजिन नीट गरम होऊ द्या. थंड इंजिनावर केलेलं ट्यूनिंग वाया जातं. त्यानंतर आधी हाय-स्पीड निडल, मग लो-स्पीड, आणि आयडल सगळ्यात शेवटी. एका वेळी एकच स्क्रू, तोही घड्याळात एका तासाचं अंतर असतं तेवढाच. उजवीकडे लीन, डावीकडे रिच. फुल रेसमध्ये मागे निळसर धुराची रेघ दिसलीच पाहिजे. ती गेली की लगेच निडल थोडी बाहेर घ्या.

खालचं मिश्रण तपासायला यंत्र लागत नाही. गाडी आयडलवर असताना कार्बोरेटरजवळ इंधनाची नळी चिमटीत दाबून धरा आणि कान द्या. दोन-तीन सेकंद आवाज तसाच राहिला, मग किंचित चढला आणि इंजिन विझलं, तर जमलं. दाबल्या दाबल्या विझलं तर लीन. पाच-सहा सेकंद रेंगाळत राहिलं तर रिच. तापमानाची गन नसेल तर हेडवर पाण्याचा एक थेंब टाका. तीन-चार सेकंदांत सळसळत उडाला तर ठीक. टेकताक्षणी चर्रकन नाहीसा झाला तर गाडी तिथेच थांबवा.

व्हिडिओत दाखवले तेवढेच फेरे दिले होते, असं तुम्ही लिहिलंय. ते फेरे त्या माणसाच्या गावच्या हवेसाठी होते. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे, म्हणजे मुंबईपेक्षा इथली हवा सुमारे ५ टक्के विरळ. ते एक वेळ सोडा. पुण्यातल्या पुण्यात, थंडीच्या दिवसांत सकाळी १२ अंश आणि दुपारी ३० अंश असेल, तर हवेच्या घनतेत ६ टक्क्यांच्या आसपास फरक पडतो. अख्खा घाट चढून जेवढा पडत नाही तेवढा सकाळ ते दुपारमध्ये पडतो! दुपारी चोख लावलेली गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी दाट हवेत लीन जाते. म्हणून सकाळी काढताना हाय-स्पीड निडल थोडी बाहेर घेऊन सुरुवात करायची.

‘सीझ’चं म्हणाल तर दोन गोष्टी एकत्र झाल्या होत्या. या इंजिनाचा पिस्टन ॲल्युमिनियमचा आणि स्लीव्ह आतून क्रोम चढवलेली पितळेची, वरच्या बाजूला निमुळती होत गेलेली. थंड असताना नव्या इंजिनाचा पिस्टन वरच्या टोकाला घट्ट अडकतो. तापलं की स्लीव्ह प्रसरण पावते आणि जागा होते. हा घट्टपणा म्हणजेच तुमचं कॉम्प्रेशन, तो नव्या इंजिनात असायलाच हवा. सुरू करण्याआधी हेडवर हेअर ड्रायर धरा आणि ठेवताना पिस्टन खाली आणून ठेवा. आता फ्लायव्हीलवर लाल खूण करून दिली आहे, ती खाली आली की पिस्टन खाली. दुसरी गोष्ट, सुरू होईना म्हणून इतकं प्राइम केलं (म्हणजे आधीच इंधन आत ओढून घेतलं) गेलं होतं की सिलिंडरमध्ये इंधन भरलं होतं. द्रव दाबला जात नाही, मग दोरी कशी हलणार? तुम्ही काउंटरशी उभे असतानाच प्लग काढला, वर फडकं धरलं, दोरी ओढली, फडकं भिजलं आणि इंजिन मोकळं झालं. जोर लावला असता तर कनेक्टिंग रॉड वाकला असता.

इंधन आमच्याकडूनच घ्या असा आग्रह नव्हता आणि नाही. कारसाठीचं, १६ ते २० टक्के नायट्रोचं, सीलबंद, कुठूनही घ्या. तुम्ही आणलेली बाटली अर्धी रिकामी आणि झाकण सैल होतं. मिथेनॉल हवेतली ओल शोषून घेतं आणि तसल्या इंधनावर निडल कधीच एका जागी बसत नाही. पंपावरचं पेट्रोल घालायचा विचारही करू नका, ग्लो प्लगवर ते चालत नाही. आणि बाटली मुलाच्या हातात देऊ नका. मिथेनॉल विषारी आहे आणि त्याची ज्योत उन्हात जवळजवळ दिसत नाही.

इंजिन बदलून मिळणार नाही, कारण त्यात दोष नाही. त्या दिवशीच्या कामाचे पैसे घेतले नव्हते, पुढेही घेणार नाही. ‘इलेक्ट्रिक घेतली असती तर बरं झालं असतं’ हे मात्र मला पटतं, विशेषतः सोसायटीत चालवायची असेल तर. तेव्हा आम्ही इलेक्ट्रिकच आधी दाखवली होती. चिरंजीवांना आवाज आणि धूर हवा होता, आणि त्यांची आवड वाईट आहे असं मला तरी वाटत नाही.

दोन्ही निडल आता कारखान्याच्या जागेवर आहेत, फिल्टर तेल लावून बसवला आहे, प्लग तोच ठेवला आहे, तो चांगला आहे. रविवारी सकाळी नऊला चिरंजीवांना घेऊन या, इंजिन त्यांच्याच हातून लावून घेऊ. येताना इग्नायटर चार्ज करून आणा आणि ती अर्धी बाटली घरीच राहू द्या.