खुलासा: खोबरेल आणि कंडोम एकत्र वापरू नका

दापोलीपासून मालवणपर्यंत बायकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: व्हायब्रेटर (लैंगिक सुखासाठीचं थरथरणारं साधन) पहिल्यांदा वापरताना त्यावर कंडोम चढवा, वरून भरपूर खोबरेल लावा, इन्फेक्शन होत नाही, पण रोज वापरलात तर नसा कायमच्या बधिर होतात. कंडोमवर खोबरेल लावायचा सल्ला आणि कायमच्या बधिरपणाची भीती, दोन्ही चूक आहे.

आपल्याकडे खोबरेल केसांपासून भेगाळलेल्या टाचांपर्यंत सगळ्याला चालतं, म्हणून हे पटकन पटतं. पण साधे कंडोम लेटेक्सचे असतात आणि तेलाने लेटेक्स कमकुवत होतं. खात्री करायला मी काल एक कंडोम फुगवून त्यावर घाण्याचं खोबरेल चोळलं. थोड्याच वेळात फट्‌दिशी फुटला. त्याऐवजी पाण्यावर आधारलेलं ल्युब्रिकंट (घर्षण कमी करणारं जेल) घ्या, मेडिकलमध्ये मिळतं. सिलिकॉनच्या व्हायब्रेटरलाही तेच बरं. सिलिकॉनचं ल्युब्रिकंट त्याचा पृष्ठभाग खराब करू शकतं.

बधिरपणा कधीकधी येतो, पण तात्पुरता. थांबलं की जातो. सुरुवात सगळ्यात कमी वेगाने करा, हवं तर पातळ कपड्यावरून. दुखलं तर लगेच थांबा, बायांनो, इथे सोसायचं काही कारण नाही. व्हायब्रेटर वापराआधी आणि नंतर साबणाने धुवा (वॉटरप्रूफ नसेल तर ओल्या कपड्याने पुसा) आणि पूर्ण कोरडा करूनच ठेवा. आपल्या दमट हवेत ओला तसाच पिशवीत टाकू नका.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. जिथे पाठवलात, तिथे हा खुलासा टाका.