एकट्याने नाही होत हे काम
एका लेखात वाचलं की प्राध्यापकाचं काम कसं होतं ते त्याच्या बोलण्यावागण्यावर नि सहकाऱ्यांशी जमण्यावर ठरतं, अगदी पटलं. मी १४ वर्षं कॉलेजात शिकवतेय. मागच्या नॅकला, म्हणजे कॉलेजच्या दर्जाच्या तपासणीला, सातही निकषांचे पुरावे गोळा करताना आमचे दोन विभाग एकमेकांशी बोलतच नव्हते, फाइली अडल्या, लेक्चर्स बुडाली आणि सगळा भार पडला तो तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या सीएचबीवाल्या पोरांवर, ज्यांना पैसे फक्त घेतलेल्या तासांचे मिळतात, फार वाईट वाटलं. उलट एनईपीचा, म्हणजे नव्या शैक्षणिक धोरणाचा, नवा सिलॅबस आला तेव्हा आम्ही चौघं डबा खाता खाता युनिट वाटून घ्यायचो, नोट्स एकमेकांना द्यायचो, शिकवणं खरंच सुधारलं. सीएचबीवाल्यांना निदान विभागाच्या मीटिंगला तरी बोलवा हो!