वर्डमध्ये ड्रॉइंग घालताय? मग मनापासून बिघडवा

अहवाल उद्या द्यायचाय आणि त्यात ड्रॉइंग घालायचं राहिलंय? काळजी नको. परवाच हाती आलेल्या एका अहवालात ही कला इतकी परिपूर्ण साधली होती, की तिची रीत सगळ्यांना कळलीच पाहिजे.

आधी ऑटोकॅड, म्हणजे ड्रॉइंग काढायचं सॉफ्टवेअर, उघडा, अख्खं ड्रॉइंग पडद्यावर मावेल इतकं लहान करा आणि स्क्रीनशॉट घ्या. काळी पार्श्वभूमी तशीच राहू द्या, म्हणजे छापताना टोनर एका अहवालातच संपतो. पांढरी केलीत तर पिवळ्या रेषा पिवळ्याच ठेवा. वाचणाऱ्याची नेत्रतपासणी फुकटात. सगळ्या रेषा काळ्या छापणाऱ्या मोनोक्रोम प्लॉट स्टाइलच्या वाटेला चुकूनही जायचं नाही.

सेव्ह करायचं ते जेपीजीतच. फोटोंसाठी बनलेला हा प्रकार चित्राचे 8×8 पिक्सेलचे तुकडे करून दाबतो, त्यामुळे प्रत्येक रेषेला छान धुरकट मिशा फुटतात. पीएनजीत रेष जशीच्या तशी राहते. त्यात काय गंमत?

ओळींमधलं अंतर ‘एक्झॅक्टली’ ठेवा. इनलाइन, म्हणजे अक्षरासारखं ओळीतच बसवलेल्या चित्राची ओळीएवढी पट्टी तेवढी दिसेल.

आकृती क्रमांक हातानेच टाइप करा.

आता मुख्य सोहळा. ए1 शीट 841 मिमी रुंद. ए4 पानावर दोन्हीकडे 25 मिमी समास सोडले की उरतात 160. कोंबा! 2.5 मिमीची अक्षरं अर्ध्या मिमीच्याही खाली जातात, 0.25 ची रेष 0.05 ची होते. टायटल ब्लॉकमधलं (शीटच्या कोपऱ्यातल्या माहितीच्या चौकटीतलं) ‘स्केल 1:100’ मात्र अभिमानाने तसंच ठेवायचं. प्रत्यक्षात ते 1:525 च्या आसपास गेलेलं असतं. कुणी भाबडा पट्टी लावेल, 8 मिमी मोजेल आणि 80 सेंमी समजेल. असतात ते 4.2 मीटर! एवढ्यावर भागलं नाही तर मधला हँडल धरून चित्र आडवं ताणायचं, म्हणजे फ्लँज (पाइपच्या टोकाची गोल चकती) अंड्यासारखा दिसतो आणि बोल्टची भोकंही लंबगोल. अहो, कोपऱ्याचा हँडल कशाला दिलाय? आणि मुळात अख्खी शीट हवीय कुणाला? परिच्छेद एका सांध्याबद्दल आहे ना? मग ऑटोकॅडच्या लेआउटमध्ये, म्हणजे छपाईचं पान मांडायच्या जागेत, 160 मिमी रुंदीचं वेगळं पान करा, तेवढाच सांधा दाखवणारी खिडकी, म्हणजे व्ह्यूपोर्ट, घ्या, अक्षरं तिथे 2.5 मिमीची ठेवा. आकड्यातलं स्केल काढा, आलेखी पट्टी (अंतराच्या खुणा असलेली रेघ) टाका. चित्र लहान झालं तर पट्टीही त्याच प्रमाणात लहान होते. दहा मिनिटांचं काम आहे हे!

चित्र ‘फ्लोटिंग’, म्हणजे ओळीत न बसवता मोकळं तरंगतं, ठेवा, पुढच्या दुरुस्तीत ते कुठल्या पानावर निघेल याची उत्सुकता टिकते.

पुरे झाली थट्टा. ऑटोकॅडची पार्श्वभूमी पांढरी करा, हवा तो भाग खिडकीभर झूम करा, कॉपी करा आणि वर्डमध्ये ‘पेस्ट स्पेशल’मधून ‘पिक्चर (एन्हान्स्ड मेटाफाइल)’ निवडा. रेषा रेषाच राहतात, कितीही मोठं केलं तरी फुटत नाहीत. साधं पेस्ट केलंत तर ओएलई (दुसऱ्या सॉफ्टवेअरची फाइल वर्डच्या आत बसवायची सोय) होऊन ड्रॉइंगच आत जाऊन बसतं आणि फाइल फुगते. पिक्सेलचंच चित्र टाकणार असाल तर आधी वर्डच्या ‘ॲडव्हान्स्ड’ पर्यायांत जाऊन चित्रं कॉम्प्रेस न करण्याची खूण करा, नाहीतर सेव्ह करताना वर्ड त्याचा परत चुरा करू शकतं. आकृती क्रमांक ‘इन्सर्ट कॅप्शन’ने द्या. मध्ये एखादी आकृती वाढली की सगळं निवडून एफ9 दाबायचं, बास. अख्खी शीट द्यायचीच असेल तर सेक्शन ब्रेक (तेवढ्याच पानाचा आकार बदलू देणारी खूण) टाकून आडवं ए3 पान घ्या. समासांप्रमाणे अक्षरं एक-सव्वा मिमीची होतात, जेमतेम का होईना, वाचता येतात.

आणि पाठवण्याआधी ते पान एकदा छापून बघा हो! ड्रॉइंग तुम्ही काढलंय, आणि त्यातलं माप तुम्हालाच वाचता येत नसेल, तर साइटवर उभा असलेला माणूस काय कपाळ वाचणार?