कॅम्पसला कंपनी येत नाही म्हणून एलडीसीचा फॉर्म?

आज वाळपईच्या एका मुलीला आलेली ई-मेल बघितली. एम.कॉम., गुण चांगले, अर्ज पुण्यातल्या कॉर्पोरेट फायनान्सच्या जागेसाठी. उत्तर दोन ओळींचं: आम्ही ठरावीक कॅम्पसमधूनच मुलं घेतो. शेजारी बसलेल्या तिच्या काकांनी चहा संपायच्या आत निकाल देऊन टाकला, "सोड गो बाय ते. एलडीसीची जाहिरात आली की फॉर्म भर." एलडीसी म्हणजे सरकारी कारकुनाची जागा.

ई-मेलपेक्षा मला त्या वाक्याचा संताप आला. कंपन्या पर्येला जीआयएम या मॅनेजमेंट कॉलेजात जातात, झुआरीनगरला बिट्स या इंजिनिअरिंग कॉलेजात जातात. तिथून वाळपई काय विलायतेत आहे? बरं, प्रत्येक कॉलेजात जाणं त्यांना परवडत नाही, आणि एम.कॉम.च्या शेजारी सीए उभा असला तर आधी सीएलाच घेणार. मान्य. म्हणून काय घरी बसायचं?

मग तिचा सीव्ही उघडला आणि राग तिच्यावरच वळला. दोन रकाने, फोटो, एक्सेलपुढे पाचपैकी चार चांदण्या. अर्ज चाळणारी सॉफ्टवेअर अनेकदा दोन रकान्यांची ओळ सलग वाचतात आणि सगळी खिचडी होते. एक पान, एक रकाना, फोटो नको, "मेहनती व प्रामाणिक" तर नकोच नको. आणि जे हवं होतं ते एका शब्दात गुंडाळलेलं: "इंटर्नशिप". अगो, डिचोलीत सीएच्या ऑफिसात तीन महिने तू काय केलंस? दर महिन्याच्या १४ तारखेला जीएसटीआर-२बी, म्हणजे पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांची पोर्टलवरची यादी, आली की ती खरेदीच्या नोंदवहीशी ताडायची, न जुळणाऱ्या बिलांसाठी पुरवठादारांच्या मागे लागायचं, २० तारखेच्या आत ३बी, म्हणजे महिन्याचं जीएसटी विवरणपत्र, भरायला द्यायची. या ताळा जुळवण्याला रिकन्सिलिएशन म्हणतात आणि त्याचाच पगार मिळतो! किती बिलं, किती रकमेचा फरक, कशामुळे, हे आकड्यांत लिही.

मुलाखतीचा ठरलेला प्रश्न तिला विचारला: घसारा (यंत्रं-इमारतींच्या झिजेपोटी दाखवायचा खर्च) १० रुपयांनी वाढला तर नफा-तोटा, रोख प्रवाह आणि ताळेबंद या तिन्ही पत्रकांत काय होतं? "घसारा रोख खर्च नाही," एवढं पाठ होतं. पुढे गप्प. कर २५ टक्के धरा. नफा ७.५० ने घटतो. रोख प्रवाहात १० परत मिळवायचे, म्हणजे रोकड २.५० ने वाढते. ती वाचलेल्या कराची. ताळेबंदात मालमत्ता १० ने खाली, रोकड २.५० वर, म्हणजे एकूण ७.५० खाली, समोर राखीव नफाही ७.५० खाली. जुळलं. कॉलेजात हे कुणी फळ्यावर मांडून दाखवलं नाही म्हणे. टॅलीच्या सर्टिफिकेटांचे फोटो मात्र नोटीस बोर्डावर ढीगभर.

असो. चिडून काय होणार. पोरगी हुशार आहे.

तिला सांगितलं, सरावाला घराजवळची लिस्टेड (शेअर बाजारात नोंदलेली) कंपनी घे. सत्तरीतच बसबॉडी बांधणारी एसीजीएल आहे. बीएसईच्या साइटवरून पाच वर्षांचे वार्षिक अहवाल फुकट उतरवता येतात. येणी भागिले विक्री गुणिले ३६५ करून वसुलीचे दिवस काढ, तसेच साठ्याचे आणि देण्याचे. संबंधित पक्षांच्या व्यवहारांची टीप वाच. टाटा मोटर्सला किती विक्री होते ते तिथे दिसेल, आणि एकाच गिऱ्हाइकावर कंपनी किती टेकून आहे तेही. मग एक्सेलच्या शीटमध्ये पुढच्या वर्षाचा अंदाज मांड. पिवट आणि एक्सलुकअप ही एक्सेलची हत्यारं यातच आपोआप शिकून होतील.

ती शीट जिथे नोकरी हवी तिथल्या एचआरला नाही, तिथल्या फायनान्स टीममध्ये दोन-चार वर्षं काम करणाऱ्या माणसाला पाठवायची. पाच ओळींचा मेसेज, मागणी १५ मिनिटांची, नोकरीची नव्हे. महिन्याच्या १ ते ७ तारखेला चुकूनही नको, मागच्या महिन्याचे हिशेब बंद करायचं काम, म्हणजे क्लोजिंग, चालू असतं. एप्रिल-मेमध्ये ऑडिट, तेव्हा धीर जास्त धरायचा. वीसपैकी दोघांनी उत्तर दिलं तरी पुरे.

पहिली जागा बहुधा पुण्यातल्या किंवा बंगळुरूच्या एखाद्या शेअर्ड सर्व्हिस सेंटरात (कंपनीच्या सगळ्या शाखांचे हिशेब एकत्र सांभाळणारं ऑफिस), अकाउंट्स पेएबलची, म्हणजे पुरवठादारांची बिलं चुकती करण्याची असेल. घ्यायची. फक्त बिलं चढवण्यात दोन वर्षांपेक्षा जास्त अडकू नका; महिनाअखेरचं काम, तरतुदींच्या नोंदी, बजेटशी तफावत हे मागून घ्या. तिथून एफपी अँड एला, म्हणजे बजेट आणि अंदाज मांडणाऱ्या विभागाला, सरकता येतं. हे काकांना कोण सांगणार! त्यांना पेन्शन दिसते, आणि खरं सांगायचं तर तेही अगदीच चूक नाहीत.

संध्याकाळी तिची पहिली शीट आली. रोख प्रवाह जुळत नाही. बाय, फरकाच्या रकमेला दोनने भाग आणि येणारा आकडा कुठल्या ओळीत दिसतो ते बघ. येणी वाढली तर वजा करायची असतात, तू मिळवली असणार.