गळा काढायलाही ळ लागतो

माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया जरा झोंबली, म्हणून दोन दिवस थांबून लिहितोय. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: जपानने बाळांच्या नावांतली अक्षरं कायद्याने ठरवून दिली ती नाइलाजाने, कारण कॉम्प्युटरला इतकी कांजी (जपानीतली चिनी अक्षरं, एकेका अर्थाची) पेलणार कशी? आणि मी मात्र पासपोर्टवर नावातला ळ जातो म्हणून गळा काढतोय.

शेवटचं आधी घेतो. गळा काढायलासुद्धा ळ लागतो हो! पण मुद्दा मान्य. पासपोर्टच्या तळाच्या दोन ओळी कुठल्याही देशातल्या यंत्राला वाचता यायला हव्यात. तिथे नावाला ए ते झेड एवढीच अक्षरं आणि ३९ घरं. काळे आणि काले तिथे एकच होणार. लेखात त्यावर मी उगाच चिडलो.

जपानचं मात्र पटलं नाही. साल बघा ना. रोजच्या वापराच्या १८५० कांजींची यादी १९४६ची. बाळाचं नाव त्या यादीतल्या कांजींत नाहीतर काना या उच्चाराप्रमाणे लिहायच्या साध्या जपानी लिपीत ठेवायचं, हा नियम १९४८पासूनचा. तेव्हा कुठल्या नोंदणी कचेरीत कॉम्प्युटर होता? लोकांची कुरकुर वाढली तशी १९५१मध्ये खास नावांसाठी ९२ अक्षरं वाढवली. वाढता वाढता आज सगळी मिळून जेमतेम तीन हजार.

आणि हा जाच फक्त नव्या नावांना! आडनावं पिढ्यान्‌पिढ्या आली तशी चालतात. कुटुंबांची दप्तरं कॉम्प्युटरवर घेताना सरकारने सुमारे ५५ हजार अक्षरांचा संच बांधला. म्हणजे यंत्राला ५५ हजार पेलतात, अडतं ते फक्त बाळाच्या नावापाशी.

'सो' या अक्षराचंच बघा. नाकासोने १९८२ ते १९८७ पंतप्रधान होते, त्यांच्या आडनावात ते होतं. बाळाच्या नावात चालत नव्हतं. साप्पोरोचं एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि डिसेंबर २००३मध्ये न्यायालयाने सांगितलं, हे अक्षर उघडच सोपं आणि नेहमीच्या वापरातलं आहे, नाकारता येणार नाही.

मग २००४मध्ये यादी एकदम वाढवायचं ठरलं. छापील मजकुरात काय जास्त वापरलं जातं ते मुख्यतः पाहून ५७८ अक्षरांचा मसुदा निघाला, त्यात कॅन्सर, प्रेत, विष्ठा आणि शाप ही अक्षरंही आली! (आपल्याकडे मुलं जगत नसली की दगडू, धोंडू, केरू ठेवत, ते वेगळं.) ओरड झाली, ती वगळली, आणि सप्टेंबरमध्ये ४८८ नवी अक्षरं मंजूर झाली. यातला कुठला निर्णय कॉम्प्युटरने घेतला, सांगा.

कारकुनाला प्रत्येक अक्षर वाचता यावं, हे तुमचं दुसरं कारण त्यापेक्षा खरं आहे. त्यावर वाद घालायला मला आवडेल. पासपोर्टवालं वाक्य आज बदलतोय.