कॉलेजात क्रिकेट आलं तरी ते कुणासाठी येणार?

परवा इथे अमेरिकेत आमच्या मंडळाच्या गणपतीत जेवणाच्या लाइनीत एक ओळखीचे दादा भेटले, हातात थाळी, थाळीत अजून फक्त मीठ आणि लिंबाची फोड, आणि म्हणाले की आता 2028 ला लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये क्रिकेट आहे ना, बघा तुम्ही, इथली सगळी कॉलेजं क्रिकेटच्या टीम काढणार, आमच्या चिरंजीवांची स्कॉलरशिप पक्की समजा. पोरगा नववीत, लेफ्ट आर्म टाकतो, चांगला टाकतो खरंच. मागे लोक ताटकळले होते म्हणून मी नुसतं हं हं केलं. पण तेव्हापासून डोक्यात घोळतंय ते इथे लिहून टाकतो.

इथल्या मोठ्या युनिव्हर्सिटीचा स्पोर्ट्सचा संसार म्हणजे एक कमावता आणि खाणारी वीस तोंडं. कमावतो फुटबॉल (अमेरिकन, अंड्यासारख्या बॉलचा), थोडंफार पुरुषांचं बास्केटबॉल, आणि त्या पैशावर स्विमिंग, टेनिस, जिम्नॅस्टिक्स, रोइंग सगळे जगतात. बरं कमावता तरी काटकसरी असावा? टेक्सस ए अँड एमने 2023 ला फुटबॉलच्या कोचला काढलं आणि घरी जा म्हणून त्याला साडेसात कोटी डॉलरच्या वर द्यायचं कबूल केलं. काम न करण्याचे. ओहायो स्टेटची स्पोर्ट्सची कमाई वर्षाला 25 कोटी डॉलरच्या पुढे, तरी 2024 च्या हिशोबात पावणेचार कोटींची तूट. आपल्याकडे एखाद्या साखर कारखान्याचा असा ताळेबंद आला असता तर चेअरमनला गावात फिरू दिलं नसतं लोकांनी.

आणि आता कमावत्यानेच आपला वाटा मागितलाय. कॉलेजच्या खेळाडूंनी लावलेल्या खटल्यात जून 2025 मध्ये कोर्टाने मोठी तडजोड मंजूर केली, त्यात जुन्या खेळाडूंना जवळपास 2.8 अब्ज डॉलर भरपाई आणि पुढे प्रत्येक कॉलेजला खेळाडूंना थेट पैसे द्यायची मुभा, पहिल्या वर्षी साधारण 2 कोटी 5 लाख डॉलरपर्यंत. त्यातला बहुतेक पैसा फुटबॉल-बास्केटबॉलवाल्यांकडेच जाणार, खेळाडूंचा हक्कच आहे तो, माझं काही म्हणणं नाही. पण तो काढणार कुठून? उरलेल्या वीस तोंडांच्या ताटातूनच ना. पेनसिल्व्हेनियातल्या सेंट फ्रान्सिसची बास्केटबॉल टीम मार्च 2025 मध्ये नॅशनल टूर्नामेंटपर्यंत पोचली, हरून परत आली आणि आठवड्याभरात कॉलेजने जाहीर केलं की आम्ही डिव्हिजन वन (कॉलेज खेळांची सगळ्यात वरची पायरी) सोडून थेट डिव्हिजन थ्रीत (सगळ्यात खालच्या पायरीवर) चाललो, परवडत नाही. आणि पैसेवाल्यांचं म्हणाल तर स्टॅनफर्डने 2020 ला 11 खेळ बंद करतोय म्हणून सांगितलं होतं, त्यात स्क्वॉश होतं, कुस्ती होती. शेन ग्रिफिथ नावाचा त्यांचा पैलवान 2021 ला स्टॅनफर्डचं नाव नसलेला साधा काळा पोशाख घालून मॅटवर उतरला आणि नॅशनल चॅम्पियन झाला, मग माजी विद्यार्थी पेटले, दोन महिन्यांत अकराच्या अकरा खेळ परत. असे माजी विद्यार्थी सगळ्यांकडे नसतात.

मग नवीन खेळ कोण काढतं? एक म्हणजे ज्यांना मुलींची संख्या जुळवायचीय ते. 1972 चा टायटल नाइन कायदा आहे, मुलींना खेळायची संधी बरोबरीने द्या म्हणतो, आणि एकट्या फुटबॉलमध्ये शंभर पोरं असतात, तो आकडा कुठेतरी फिटवावा लागतो. आयोवा युनिव्हर्सिटीने 2020 मध्ये चार खेळ बंद केले, स्विमिंगच्या मुलींनी कोर्टात खेचलं, मुलींचं स्विमिंग परत आलं आणि वर 2021 ला मुलींच्या कुस्तीची घोषणा झाली. आता आयोवा म्हणजे अमेरिकेतलं कोल्हापूर, तिथे मुलींची तालीम आधीच असायला हवी होती, पण आली ती कोर्टाची पायरी चढल्यावर.

दुसरी म्हणजे छोटी प्रायव्हेट कॉलेजं, आणि हे मी स्वतः बघितलंय. माझा मुलगा व्हॉलीबॉल खेळतो, बरा खेळतो, फार भारी नाही. बारावीत असताना एका छोट्या कॉलेजच्या कोचचा फोन आला की आम्ही मुलांची नवीन टीम काढतोय. आम्ही साडेतीन तास ड्राइव्ह करून गेलो, बायकोने धपाटे बांधून घेतलेले. लॉकर रूममध्ये ताज्या पेंटचा वास, आणि बाकावर घडी घालून ठेवलेली जर्सी, मागे आमचं आडनाव, त्यात एक अक्षर जास्तीचं. पोरगं विरघळलंच. मग कागद आला: वर्षाची फी 58 हजार, त्यातून 30 हजार 'मेरिट अवॉर्ड'. कोच बोलता बोलता म्हणाला की मला पहिल्या वर्षी 24 मुलं आणायचीत. अरे, कोर्टवर सहा असतात! बाकीचे अठरा काय करणार? तर फी भरणार. परतीच्या वाटेवर मी मनात हिशोब मांडला, 28 हजार गुणिले 24, पावणेसात लाख डॉलर वर्षाला, त्यात कोचचा पगार, बस, बॉल, नेट सगळं जाऊन कॉलेजच्या हातात बरंच उरतं. डिव्हिजन थ्रीमध्ये खेळासाठी स्कॉलरशिप देताच येत नाही, आणि तो 'मेरिट'चा डिस्काउंट तिथे जवळजवळ सगळ्यांनाच मिळतो, दिवाळी सेलसारखा. यात फसवणूक आहे असं मी म्हणत नाही, कॉलेज जगतं, पोरांना खेळायला मिळतं. फक्त त्याला स्कॉलरशिप म्हणू नका. मुलगा शेवटी स्टेट युनिव्हर्सिटीत गेला, क्लब टीममध्ये खेळतो, स्वतःचे पैसे भरून.

आता क्रिकेट. फिलाडेल्फियाजवळ हॅवरफर्ड कॉलेजात एकोणिसाव्या शतकापासून क्रिकेट आहे, छान पॅव्हिलियन आहे, क्रिकेटची लायब्ररी आहे, आणि तेवढं एकच कॉलेज कॉलेजच्या खर्चाने टीम चालवतं. बाकी सगळीकडे क्लब, म्हणजे पोरं वर्गणी काढून खेळतात. आपला मुंबईचा सौरभ नेत्रावळकर, 2024 च्या वर्ल्ड कपमध्ये अमेरिकेकडून पाकिस्तानविरुद्ध सुपर ओव्हर टाकली तो, कॉर्नेलला आला तो कॉम्प्युटर सायन्स शिकायला. क्रिकेटला एवढं मोठं ग्राउंड लागतं, खेळायला समोर दुसरी कॉलेजं लागतात, टीव्हीचा पैसा शून्य. मोठी युनिव्हर्सिटी मुलांची क्रिकेट टीम काढेल असं मला अजिबात वाटत नाही. छोटी फीवर जगणारी कॉलेजं काढतील कदाचित, देशी आईबाप फी भरतात हे त्यांना कळलं की लगेच. आणि मोठ्यांपैकी कुणी काढलीच तर मुलींची काढतील, आकडा फिटवायला.

जेवणं झाल्यावर पार्किंगमध्ये दादा परत भेटले तेव्हा हे सगळं न सांगता मी एवढंच विचारलं, तुमची धाकटी पण टाकते ना बोलिंग, तिला आणा की शनिवारी नेटला.

म्हणाले, शनिवारी तिचं भरतनाट्यम असतं.